मधला माणूस

आमच्या पडवीच्या भिंतीत एक लहानशी लाकडी खिडकी आहे. तिच्या आतल्या बाजूला एक फळी ठोकलेली असून तिच्यावर शाईचे आणि लाखेचे जुने डाग आहेत. आमचे वडील, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणत असे, या खिडकीमागे बसून तीसहून अधिक वर्षे गावाचे शाखा डाकघर चालवत होते. ज्या घरातले कोणी मुंबईत गिरणीत वा गोदीत नाही असे घर त्या काळी दापोली तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात शोधावे लागे. महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास मनिऑर्डरी येत आणि पडवीत बायकांची रांग लागे. पैसे मोजून दिल्यावर अण्णा कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवत. त्या दोन ओळी पुष्कळदा त्यांच्या तोंडून तीन होत, कारण पाठवणाऱ्याने "प्रकृतीस जपावे" असे लिहिले नसले तरी ते ऐकवल्यावाचून म्हातारीला घरी पाठवणे त्यांना बरे वाटत नसे. दापोलीहून तार आली तर ज्याच्या नावाची असेल त्याच्या हाती ती ते थेट कधीच देत नसत. आधी त्या वाडीतल्या जाणत्या माणसाला बोलावून घेत, त्याच्या कानावर मजकूर घालत आणि मग दोघे मिळून त्या घराचा उंबरठा चढत. हे काही डाक खात्याच्या नियमांत बसणारे नव्हते, आणि एरवी अण्णा नियमाला चिकट माणूस होते.

जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा अण्णा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. बातमी ऐकून ते एवढेच म्हणाले, "आता वाईट बातमी ज्याची त्याला सरळ कळेल." त्यात खंत होती की समाधान, हे मला त्या वेळी उमगले नाही. पुढे मात्र या वाक्याची आठवण मला वरचेवर होत राहिली, कारण मोबाइल आणि इंटरनेट आमच्याकडे आले ते मुख्यतः एकच आश्वासन घेऊन आले. बागायतदार आणि गिऱ्हाईक, रुग्ण आणि डॉक्टर, घटना आणि वाचक, रयत आणि सरकार यांच्यामधली माणसे बाजूला होतील आणि ज्याचे त्याला सरळ मिळेल, असे ते आश्वासन होते. किनाऱ्याच्या या पट्ट्यात राहून मी जे पाहिले ते थोडे निराळे आहे. मधला माणूस पुरता गेला असे फार क्वचित झाले. बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी दुसरा आला, आणि जुना माणूस न सांगता जी कामे करत असे त्यांतली काही नव्याने अंगावर घेतलीच नाहीत.

सुरुवात आंब्यापासून करतो, कारण माझे पोट त्यावर आहे. सड्यालगत, म्हणजे कातळाच्या पठाराला लागून, आमची हापूसची दीडशेच्या आसपास कलमे आहेत. अण्णांच्या काळात आणि नंतर माझ्याही पहिल्या पंधरा-वीस हंगामांत माल लाकडी पेट्यांत भरून ट्रकने मुंबईला जाई, आधी क्रॉफर्ड मार्केटला आणि पुढे वाशीला. आठवड्याभराने दलालाची पट्टी येई. तीवर पेट्या किती, भाव काय, त्यातून भाडे, हमाली, दलाली वजा आणि तळाशी उरलेली रक्कम. भाव खरा लावला की खोटा, हे तिथे जाऊन उभे राहिल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता, आणि चौदा आणे, म्हणजे उतरवण्याइतके तयार, फळ झाडावर असताना बाग सोडून वाशीला जाणार कोण? दलालाला शिव्या देणे हा आमच्याकडच्या बागायतदारांचा एप्रिल-मे महिन्यांतला ठरलेला कार्यक्रम असे. तो मीही मनापासून पार पाडलेला आहे.

मग २०१६ साल आले. त्या वर्षी राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि त्याच सुमारास स्वस्त इंटरनेट तालुक्याच्या गावापासून खाली वाड्यांपर्यंत उतरू लागले. यांतले प्रत्येक पाऊल वेगळ्या कारणाने पडले होते, पण माझ्यासारख्या मध्यम बागायतदाराच्या दारात ती सगळी एकदमच येऊन उभी राहिली. पुण्यातल्या आतेभावाने त्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आंबे पिकत घातलेल्या माझ्या अढीचा फोटो टाकला आणि दोन दिवसांत चाळीस खोक्यांची मागणी आली. लाकडी पेटी जाऊन पुठ्ठ्याचे दोन डझनी खोके आले, पैसे माल निघण्याआधी खात्यात पडले, आणि त्या हंगामात डझनामागे माझ्या हाती आलेली रक्कम वाशीच्या पट्टीच्या जवळजवळ दीडपट निघाली. मी दलालाला फोन करून सांगितले, की यंदापासून माल थोडाच येईल. तो चिडला नाही. "बरे आहे, पाहा करून," एवढेच म्हणाला. त्या "पाहा करून"चा अर्थ कळायला मला पाच वर्षे लागली.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती साक्याची. हापूसमध्ये कधीकधी साका निघतो, म्हणजे आतला गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट राहतो, आणि बाहेरून फळ सोन्यासारखे दिसत असल्याने कापल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. तो का होतो, यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठातले लोक कित्येक वर्षे काम करत आले आहेत. उन्हात तापलेल्या जमिनीची झळ लागलेल्या आणि झाडावर जास्त पिकू दिलेल्या फळात तो अधिक आढळतो, म्हणून फळ वेळेवर आणि सकाळच्या वेळात उतरवावे, असे आम्हाला सांगतात व आम्ही तसे करतोही. तरी तो निघायचा तेव्हा निघतो. वाशीच्या गाळ्यावर साका हा धंद्याचा भाग होता. दलाल, घाऊक घेणारा आणि हातगाडीवाला यांनी तो आपापसांत वाटून घेतलेला असे. व्हॉट्सॲपवर तोच साका फसवणूक ठरतो. कापलेल्या फोडीचा फोटो येतो, खाली संतप्त चेहऱ्याचे चिन्ह येते, आणि सोसायटीच्या दोनशे कुटुंबांसमोर मी खोटा ठरतो. त्या गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही. त्याने एकदाच, दोन डझन, चांगले पैसे मोजून घेतलेले असतात.

दुसरी गोष्ट लहान फळाची. दलाल माल घेई तो सगळा, मोठे, मध्यम, बारीक, डागी, ज्याला जो भाव बसेल तो लावून. शहरातल्या गिऱ्हाइकाला अडीचशे ग्रॅमच्या वरचे आणि निष्कलंक फळ हवे असते. उरलेले सारे कॅनिंगवाल्याच्या गाडीत किलोच्या भावाने जाते. दीडपटीचा तो आनंद वहीत सगळा हिशेब मांडल्यावर बराच उतरला.

खरा अर्थ कळला तो मात्र उचलीचा. ज्यांना बागेचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो, की जून ते डिसेंबर बागेत पैसा फक्त जात असतो. पावसाच्या तोंडावर खत, पाऊस मंदावताना कल्टार हे मोहोर आणणारे औषध, मग गवत काढणे, मोहोर फुटू लागला की तुडतुड्यांसाठी फवारण्या, राखणीची मजुरी. या काळात दलाल उचल, म्हणजे येणाऱ्या मालावर आगाऊ रक्कम, देई. कागद नाही, तारण नाही, फोनवर आकडा सांगायचा आणि माणूस पैसे घेऊन येई. या उचलीने माझा माल त्याच्या गाळ्याला बांधला जाई, भाव पाडला तरी मला तोंड उघडता येत नसे, आणि व्याज तो पट्टीतून कसे काढून घेई हे त्याचे त्यालाच माहीत. हे सगळे कबूल. परंतु १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेले आणि एका दिवसात झाडावरचा उरलेला माल खाली आला, तेव्हा माझ्याकडे दोन प्रकारचे फोन आले. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांनी अतिशय सभ्य भाषेत ते परत मागितले. ज्या दलालाची जुनी उचल माझ्या अंगावर अजून थोडी बाकी होती, तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मात्र नुकसानीचा एक वाटा वर्षभर खांद्यावर घेऊन उभे राहणे हेही त्याचे काम होते, आणि ते मी दलालीत कधीच धरले नव्हते. यूपीआयने माझ्यापर्यंत पैसा क्षणात पोहोचवला, पण जूनमध्ये तिथून कोणी पाठवावा अशी व्यवस्था काही त्यात नव्हती.

ओळखीचा प्रश्नही असाच फिरून आला. कर्नाटकातला आंबा "देवगड" म्हणून खपवण्याची तक्रार जुनी आहे. २०१८ मध्ये हापूसला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारात मानांकनाचे चिन्ह छापलेले खोके कोणीही भरू शकतो. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळा क्रमांक असलेले, काढले तर फाटणारे चिकट शिक्के लावायला घेतले. गिऱ्हाइकाने शिक्क्याचा फोटो पाठवायचा आणि मागच्या बाजूचा आकडा सांगायचा, की फळ कोणाच्या बागेतले ते त्याला कळते. कल्पना मला आवडली. सोबत हेही मनात आले, की पूर्वी हे काम पेटीवर रंगाने लिहिलेली बागायतदाराची दोन अक्षरे करत, आणि ती अक्षरे ओळखणारा डोळा गाळ्यावर बसलेला असे.

फळपीक विम्याचे थोडे सांगतो. हा विमा हवामानावर आधारित आहे. महसूल मंडळात बसवलेले स्वयंचलित हवामान केंद्र ठरावीक काळात ठरावीक मर्यादेपलीकडचा पाऊस किंवा तापमान नोंदवते, आणि त्या नोंदीवरून त्या मंडळातल्या विमाधारकांना भरपाई ठरते. अर्ज, पंचनामा, हेलपाटे यांची गरज नाही. तत्त्व म्हणून हे फारच चांगले आहे. आमच्या मंडळाचे केंद्र माझ्या बागेपासून डोंगरापलीकडे आहे, आणि कोकणातला अवकाळी पाऊस किती कोता असतो हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. एका मार्चमध्ये माझ्या सड्यावर मोहोराचे झुबके काळे पडेपर्यंत पाऊस झाला आणि केंद्राच्या नोंदीत तो दिवस कोरडा राहिला. पूर्वी तलाठी येई, उशिरा येई, चहा घेई, कधी चहापेक्षा अधिक काही घेई, पण झाडाखाली येऊन वर पाही. यंत्र लाच घेत नाही हा त्याचा मोठेपणा मी मान्य करतो. त्याला "जरा डोंगर ओलांडून या, दाखवतो" असेही म्हणता येत नाही.

बागेत आता राखणीला आणि उतरवणीला नेपाळची माणसे असतात. पावसाळा सरला की ती येतात आणि मेअखेर परततात. रात्री काम आटोपल्यावर शेडबाहेर बसून ती आपल्या डोंगरातल्या घरी व्हिडिओ कॉल करतात, आणि मोबाइल उंच धरून मुलांना झाडावरचे आंबे दाखवतात. मुंबईच्या चाळीत राहून दहा तारखेची मनिऑर्डर पाठवणारे आमचे लोक मला तेव्हा आठवतात. पैसे पाठवणारा परदेशी माणूस आता आमच्या बागेत आहे, एवढाच फरक.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. नौका खोल पाण्यात थांबतात, होड्यांतून आणि बैलगाड्यांतून माल वाळूवर येतो, आणि बोली अजूनही तोंडाने लागते. किरकोळ विक्रीच्या टोपल्यांवर मात्र क्यूआर कोडचे पत्रे दिसू लागले त्याला आता बरीच वर्षे झाली. माशाच्या पाण्याने खराब होऊ नये म्हणून ते प्लास्टिकात घालून टोपलीच्या काठाला बांधलेले असतात, आणि शेजारी पैसे आल्याचे मराठीत सांगणारा डबा असतो. आमच्या घरी तीस वर्षे मासळी आणणाऱ्या एका मावशींना मी सहज विचारले, की सुट्ट्या पैशांची कटकट गेली ना? त्या म्हणाल्या, "गेली की. डबा माझ्याशी बोलतो नि पैसे पोराकडे जातात." खाते मुलाच्या मोबाइलला जोडलेले होते. ज्या बाईच्या कमरेच्या बटव्यात घरातला सगळ्यात मोठा रोख व्यवहार असे, तिला आता संध्याकाळी मुलाकडे शंभर रुपये मागावे लागत होते. मुलगा वाईट नाही. त्याने आईला कधी नाही म्हटले नसावे. पण मागणे हे मागणेच. डिजिटल व्यवहारांबद्दल मी जे जे लेख वाचले त्यांत या मधल्या मुलाचा उल्लेख मला कुठे सापडला नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे बँकेतल्या एका समजूतदार मुलीने मावशींचे स्वतःचे खाते कोडला जोडून दिले, तेव्हा कुठे डबा आणि पैसे एका ठिकाणी आले.

बोटांच्या ठशांची गोष्ट याहून कठीण आहे. रेशनच्या दुकानातले यंत्र, पोस्टाच्या पेमेंट बँकेचे पैसे घरपोच देणाऱ्या डाकसेवकाच्या हातातले यंत्र, ही सारी आधारचा ठसा मागतात. काजूच्या बियांच्या टरफलात जे तेल असते ते कातडी जाळते, आणि काजू फोडणाऱ्या बायकांची बोटे वर्षानुवर्षे त्यात भाजून निघालेली असतात. भातलावणी करणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या हातांचेही तसेच. सरकारने माणूस ओळखण्यासाठी शरीराची जी खूण निवडली, ती कष्टाने सर्वांत आधी झिजणारी आहे. डोळ्याच्या बुबुळाचे किंवा ओटीपीचे पर्याय आहेत, पण यंत्रावर लाल अक्षरे आली की दोन किलोमीटर चालत आलेली बाई पुष्कळदा तशीच परत फिरते. अण्णा मनिऑर्डरीवर अंगठा घेत, तोही कित्येकदा नुसता शाईचा गोळाच उठत असे. मग ते शेजारी साक्षीदाराची सही घेत आणि पैसे देत. साक्षीदाराची ती रेघ आता कोणत्याच पडद्यावर नाही.

आरोग्याबद्दल लिहिताना मात्र माझा सूर बदलतो, कारण इथे झालेला फायदा मोठा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. माझ्या लहानपणी लाल विंचू चावला म्हणजे रात्र जाते की नाही, अशी अवस्था असे. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय आणि मग छातीत पाणी. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, लक्षणे नोंदवली, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध या विषाच्या परिणामावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. १९८६ मध्ये त्यांचा त्यावरचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गंभीर रुग्णांत शंभरामागे तीस-चाळीस मृत्यू होत, ते प्रमाण या उपचारानंतर अगदी थोड्यावर आले. तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पडदा येतो. आमच्या पट्ट्यात सर्वांत जास्त जीव वाचवणाऱ्या तंत्रज्ञानांपैकी एक ही स्वस्त गोळी होती, आणि ती सापडली ती खाटेशेजारी जागणाऱ्या माणसामुळे.

आता आमच्या उपकेंद्रात ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला तपासताना पडद्यावरचे डॉक्टर विचारतात, "पोटात नेमके कुठे दुखते?" आणि उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताई आपल्या हाताने दाबून पाहतात, आईच्या चेहऱ्याकडे पाहतात, आणि "बेंबीच्या उजवीकडे, पण डॉक्टर, त्या दुखले तरी सांगत नाहीत हं" असे पडद्याला सांगतात. हे शेवटचे वाक्य कोणत्याही अहवालात येणार नाही आणि त्या दिवशी औषध बदलले ते त्या वाक्यामुळे. उलट अनुभवही आहे. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाने आईच्या तपासणीचा अहवाल मध्यरात्री मोबाइलवर पाठवला, त्यात एका आकड्यापुढे लाल बाण होता, आणि तो आकडा तिच्या वयात काळजीचा नाही हे सांगणारे माणूस मिळेपर्यंत आम्हा भावंडांच्या दोन रात्री गेल्या. अण्णांनी ही तार आधी स्वतः वाचली असती, असे तेव्हा वाटले.

१०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आणि आमच्या घाटवळणांतही ती येते. मोबाइलवरचा नकाशा तिला डांबरी रस्ता संपेपर्यंत आणतो. पुढे पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून, दगडी कुंपणाच्या गडग्याला वळसा घालून वाडीत यायचे असते, म्हणून तिठ्यावर बॅटरी घेऊन कोणीतरी उभे राहावे लागते. आमच्या वाडीत हे काम कोणाचे हे ठरलेले आहे. तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला तर काय, हा प्रश्न मागच्या ग्रामसभेत निघाला होता आणि तसाच राहिला.

बातम्यांकडे वळतो. मराठीतले पहिले वृत्तपत्र "दर्पण" ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. तेव्हापासून बातमी आणि वाचक यांच्यामध्ये संपादक नावाचा माणूस बसला तो बसला. आमच्या भागातला वार्ताहर हा बहुधा शिक्षक किंवा दुकानदार असे. तो बातमी हाताने लिहून पाकिटात घाली आणि एसटीच्या कंडक्टरकडे देई, आणि रत्नागिरीला छापून ती तिसऱ्या दिवशी आमच्याकडे परत येई. शिळी असली तरी त्या तीन दिवसांत तिच्यातले खोटे बरेचसे गळून पडलेले असे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा माझ्या मोबाइलवर तासाभरात धरण फुटल्याचे तीन निरोप आले. दोन वर्षांपूर्वीच, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण खरोखर फुटून माणसे वाहून गेली होती, त्यामुळे कोणालाही ते अशक्य वाटले नाही. मीही एक निरोप पुढे पाठवला. तो खोटा निघाला. व्हॉट्सॲपने एका वेळी किती ठिकाणी निरोप पुढे ढकलता येईल यावर २०१८ पासून भारतात मर्यादा घातली आहे, पण घाबरलेल्या माणसाला तेवढेही पुष्कळ होते. त्या दिवशी मधला माणूस मीच होतो आणि मी माझे काम केले नाही, हे मला अजून टोचते.

याच मोबाइलने दशावतार आणि नमन ही आमची लोकनाट्ये मात्र कुठल्या कुठे नेऊन ठेवले. डोंबिवलीच्या आमच्या चुलतभावजय रात्री यूट्यूबवर दशावतारी नाटक पाहत झोपतात, आणि संकासुराचे सोंग आले की माहेरच्या जत्रेतला गॅसबत्तीचा वास येतो, असे म्हणतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा हवामान खात्याचा इशारा दोन दिवस आधी मिळालेला होता, आणि नौका बंदरात होत्या. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळात समुद्रावर असलेल्या कित्येक नौका परतल्या नव्हत्या, हे ज्यांना आठवते त्यांना या दोन दिवसांची किंमत सांगायला नको. वादळानंतर मात्र विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे आडवे झाले आणि आमच्या गावात आठवडेच्या आठवडे अंधार होता. यूपीआय नाही, एटीएम नाही, मुंबईत टाळेबंदीत अडकलेल्या मुलांना आईबाप जिवंत आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नाही. चौथ्या दिवशी खालच्या वाडीतला एक विशीतला मुलगा वही घेऊन घरोघर फिरला. त्याने प्रत्येकाकडून एक मोबाइल नंबर आणि एक वाक्य लिहून घेतले, मोटारसायकलवर वाटेतली झाडे चुकवत जिथे रेंज मिळाली तिथवर गेला, आणि एकेक नंबर लावून ती वाक्ये वाचून दाखवली. "कौले गेली, माणसे सुखरूप." "म्हातारी बरी आहे, पोफळी सगळ्या झोपल्या." तो संध्याकाळी परतला तेव्हा पलीकडून आलेली उत्तरे त्याने वहीच्या उजव्या पानावर लिहून आणली होती. अण्णा तेव्हा आजारी होते. मी त्यांना ती वही दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून सावकाश वाचली आणि विचारले, "याने एकाच्या निरोपात दुसऱ्याचा घातला नाही ना?" घातला नव्हता.

सातबाऱ्याविषयी लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो, ड्रोनने गावठाणाची मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० पासून सुरू आहे, आणि तलाठ्याच्या दाराशी बसून राहण्याचे दिवस बरेच सरले. आमच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावे आहेत, त्यांतली अकरा माणसे हयात नाहीत आणि चौघांचा पत्ता नाही. उतारा दोन मिनिटांत मिळाल्यामुळे ही नावे एकदम सगळ्यांना दिसली, भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचा फोटो पडला, आणि पंचवीस वर्षे गणपतीत एका पंक्तीला बसणारी माणसे पंधरा दिवसांत गट सोडून गेली. पूर्वी असा विषय निघाला की एखादे काका "दिवाळीनंतर बघू" म्हणून तो मिटवत. ते दिवाळीनंतरही बघत नसत. ते चूक होते असे मी पूर्वी ठामपणे म्हणत असे.

मागच्या जूनमध्ये मी एक प्रयोग केला. नेहमी माल घेणाऱ्या तीस गिऱ्हाइकांना मी पत्रासारखा लांब निरोप लिहिला. जून ते डिसेंबर बागेत काय खर्च होतो, उचल म्हणजे काय, हे त्यात मांडले आणि विचारले, की पुढच्या मेमधल्या दोन खोक्यांचे अर्धे पैसे आत्ता द्याल का? वादळ झाले तर ते त्याच्या पुढच्या वर्षावर जातील, परत मिळणार नाहीत, हेही स्पष्ट लिहिले. अकरा जणांनी पैसे पाठवले. काहींनी आंब्याच्या चित्राखेरीज उत्तर दिले नाही. कोथरूडच्या एका निवृत्त बाईंनी विचारले, की याची पावती मिळेल का. मी अण्णांच्या फळीखालच्या खणातून जुने पावतीपुस्तक काढले, त्यांचे नाव, रक्कम आणि "वादळ झाल्यास पुढील वर्षी" असे शाईने लिहिले आणि फोटो पाठवला. त्यांचा निरोप आला, "फोटो नको, पोस्टाने पाठवा."